कॉटच्या मापाची गोधडी

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांना मी फोनवर एवढंच म्हणाले होते, "आत्या, कॉट घेतलीय. तिच्यावर घालायला एक गोधडी शिवाल का?"

"शिवते की," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. आत्यांचं फोनवरचं बोलणं असंच असतं. निरोप पोचला की विषय संपला.

गोधडी मला हवी होती, हे खरं. पण गोधडी घेऊन आत्यांनी शिरूरला यावं आणि इथंच राहावं, हे त्याहून हवं होतं. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. मी रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे, नवरा ज्योतिबा दुसऱ्या कंपनीत शिफ्टमध्ये. माझी रजा काही महिन्यांत संपणार होती. मग एवढ्याशा लेकीला पाळणाघरात ठेवायचं माझ्या जिवावर आलं होतं.

ज्योतिबानं आईला कितीदा तरी विचारलं. दर वेळी नवीन सबब. कधी शेळी व्यायला झालेली, कधी कोंबडी अंड्यांवर बसलेली. एकदा तर "तुमच्या जिन्यात लई अंधार असतो" म्हणाल्या. आत्यांच्या कासुर्डीहून शिरूर म्हणजे काही परदेश नाही, चौफुल्याला एसटी बदलली की झालं. पण आत्या हलायला तयार नाहीत. बाळंतपणाला दवाखान्यात आल्या, नातीचं तोंड बघितलं, डिंकाच्या लाडवांचा डबा माझ्या उशाशी ठेवला आणि निघाल्या शेळ्यांकडे. मला राग येतो आणि लवकर येतो. तो माझ्या नाकावरच बसलेला असतो, असं ज्योतिबाचं म्हणणं.

बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर आधी एक भलंमोठं गाठोडं आत आलं आणि त्याच्या मागून आत्या.

"अहो, एवढं काय आणलंत?"

"काय म्हंजी? गोधडी."

त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. टीपॉय सरकवला, ज्योतिबाला सोफा मागं ढकलायला लावला आणि हॉलमध्ये गोधडी पसरली. पसरली ती पसरतच गेली. मी आ वासून बघत राहिले. मधोमध आबांच्या, म्हणजे माझ्या वारलेल्या सासऱ्यांच्या, गुलाबी फेट्याचे चौकोन. भोवती आत्यांच्या जुन्या लुगड्यांचे हिरवे आणि जांभळे तुकडे, ज्योतिबाच्या शाळेची खाकी चड्डी, कासुर्डीतल्या शेजारीण लालबीच्या लेकीची, निखतची, चांदण्यांची ओढणी. आणि या सगळ्यावरून मुंगीच्या चालीनं गेलेला पांढरा दोरा, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, कुठं वाकडा नाही की तुटलेला नाही. गोधडी सुंदर होती. फक्त तिच्यात आमची लेक, ज्योतिबा आणि मी असे तिघंही मावलो असतो.

"कुठाय कॉट?" आत्यांनी विचारलं.

मी त्यांना आतल्या खोलीत नेलं. पांढरीशुभ्र, चहूबाजूंनी दांड्या, वर मच्छरदाणी. लेक आत झोपली होती. आत्यांनी तिच्याकडे कौतुकानं बघितलं, मग खोलीभर नजर फिरवली, मग पडद्यामागंही बघितलं.

"हीच कॉट, आत्या."

"ही?" त्यांनी दांड्यांना हात लावून बघितला. "आगं, कॉट म्हंजी आपल्या वसरीवरची. आबा निजायचं ती, लोखंडाची. ह्यात तर शेरडाची करडं कोंडायची."

ज्योतिबा आधी हसला. मग मी. मला हसणं आवरेना, हसून हसून टाके दुखायला लागले. "आई," ज्योतिबा म्हणाला, "ह्या गोधडीत आता कॉटच गुंडाळून ठेवू."

आत्यांचा चेहरा पडला. त्या हॉलमध्ये गेल्या आणि गोधडीची घडी घालायला लागल्या. "हसा," त्या म्हणाल्या. "बारसं झालं की घेऊन जाते माघारी. लालबी म्हणतच हुती, सुनंला एकटीला कशाला एवढी मोठी."

माझं हसू तिथंच थांबलं. "सुनेला?"

"मग कुणाला? कॉटवर तूच निजणार ना? पोर काय, ती तुझ्या कुशीत. बाळंतिणीच्या अंगाखाली मऊ लागतं. आन् तुझी आई असती तर तिनं शिवली असती. आता न्हाई, तर मग कुणी शिवायची?"

माझ्या लेकीला सगळ्यांनी आणलं. झबली, कुंच्या, खुळखुळे, कपाट भरून गेलं. मला कुणी काही आणलं नव्हतं आणि ते माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. मी आत्यांच्या हातातली घडी काढून घेतली, गोधडी पुन्हा पसरली आणि हॉलच्या मधोमध तिच्यावर आडवी झाले. लुगड्यांचा मऊपणा पाठीला लागला आणि मला रडू आलं. असं सुखाचं रडू मला लेक झाली तेव्हाही आलं नव्हतं.

"ऊठ, कुणीतरी येईल," आत्या म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा खुलला होता.

मी पडल्या पडल्याच विचारलं, "एवढं करताय, मग आमच्याकडं राहत का नाही?"

"मला कोण म्हणलं, ऱ्हा म्हणून?"

"ज्योतिबानं किती वेळा विचारलं."

"त्यो माझा ल्योक हाय. त्यो कुठंबी बोलावंल. घर सुनंचं असतं. चूल जिची तिनं म्हणावं लागतं. माझ्या सासूला मीच म्हणले, तवा ती माझ्याकडं ऱ्हायली."

मला वाटायचं, ज्योतिबाची आई, त्यानंच विचारावं. मी तोंड उघडलं तर सुनेला फुकटची आया हवी आहे असं दिसेल. म्हणून मी गप्प राहायचे आणि नंतर चिडायचे. आणि तिकडे आत्या कासुर्डीत माझ्या फोनची वाट बघत शेळ्यांच्या सबबी सांगत बसल्या होत्या.

मी उठून बसले. "आत्या, ऱ्हावा इथंच. बाळासाठी तर पायजेच, पण मलाबी तुम्ही पायजे."

त्या आत गेल्या आणि झोपलेल्या नातीला धक्का न लावता कॉट विती टाकून मोजली. बाहेर येऊन म्हणाल्या, "ह्या पिंजऱ्याला एक बारकी शिवावी लागंल. इथंच बसून, मापावर."

मग फोन घेऊन बाल्कनीत गेल्या. आवाज असा, की खाली पार्किंगपर्यंत सगळ्यांना कळावं.

"लालबी, शेरडं आता तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे गं. मी काय येत न्हाई एवढ्यात. आगं, सून सोडंना मला. आल्यापास्नं मागं लागलीय, ऱ्हावा, ऱ्हावा म्हणून."

मी एकदाच म्हणाले होते. ज्योतिबा काहीतरी बोलायला गेला, मी त्याचं तोंड दाबून धरलं.

"न्हाई गं बाई," बाहेरून आत्यांचा आवाज आला, "तिच्यापुढं माझं कुठं काय चालतंय."