व्हॉल्व्हचा भाव

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी ते जेवणाच्या टेबलावर कारखान्याचे कागद पसरून बसले होते. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या त्या कारखान्याचे ते चौदा वर्षं मॅनेजर. केसाएवढा फरकही खपवत नाहीत म्हणून कामगार पाठीमागे त्यांना 'मायक्रोमीटर' म्हणत, आणि बाबा ते मिरवत. महिनाअखेर कारखाना बंद होणार होता, कारण सलग तीन वर्षं तोटा.

"भंगार निम्म्यावर आणलं," ते म्हणाले. "भट्टी एकाच पाळीत चालवली. पंखे बंद केले, त्यासाठी शिव्या खाल्ल्या. तरी तोटा! तू हेड ऑफिसात बसतेस ना, सांग, माझं कुठं चुकलं?"

"भाजी निवतेय," आई म्हणाली. "व्हॉल्व्हला पोट नसतं, तुम्हाला आहे."

बाबा हसले. मी ताटातून मान वर केली नाही. "बाजारच मंद आहे, बाबा."

बाजार मंद नव्हता. त्यांचा प्रत्येक व्हॉल्व्ह आमचीच परदेशातली कंपनी विकत घेई, आणि कोणत्या भावाने घ्यायचा ते मी ठरवत असे. तिथे कर कमी, म्हणून नफा तिथे दिसायला हवा. बाबांनी खर्च वाचवला की पुढच्या तिमाहीत मी भाव तेवढाच उतरवायची आणि तो कसा रास्त आहे याचं टिपण लिहायची. तोटा आम्हीच घडवलेला होता. मग वरच्या मजल्यावर नवे साहेब आले आणि त्यांनी आमचाच आकडा खरा मानून कारखाना बंद करायचं ठरवलं.

हे बाहेर बोलायला मनाई होती. पण मी गप्प बसले ते मनाईमुळे नव्हे. बाबांच्या मनातून उतरेन, ही भीती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता ते कोसळले.

तीन आठवड्यांनी मी कामावर परतले. भावाचा तक्ता उघडला की खुर्चीमागे कुणीतरी वाकून वाचतंय असं वाटे. आकडा बदलायला गेले की मानेवर श्वास जाणवे. वळून पाहिलं की फक्त भिंत. एकदा शेजारची सहकारी म्हणाली, "कुणाशी बोलतेस गं?" मी तक्ता बंद केला.

रविवारी घरी गेले. आई बाबांच्या खोलीतली चादर बदलत होती.

"सकाळी नळ सोडला की ऐकू येतात मला," ती म्हणाली. "तेच आपलं. कुठं चुकलं, कुठं चुकलं."

"भास असेल, आई."

"असेल. मलाही वाटायला लागलंय, काहीतरी चुकलंच असणार यांचं. एवढा मोठा कारखाना उगाच का बुडतो?"

तिच्या हातातलं चादरीचं टोक मी धरलं. पलंगाच्या पलीकडे, खिडकीपाशी कुणीतरी उत्तराची वाट पाहत उभं होतं. या वेळी मी नजर वळवली नाही.

"तुमचं काहीच चुकलं नाही, बाबा," मी मोठ्याने म्हणाले. "कारखाना चांगला चालला होता. तो भाव मी लावत होते."