सुखात असलेल्या मुली

शिंप्याच्या थोरल्या मुलीचा संसार गल्लीत सगळ्यांना पाठ होता. जावई अबोल पण कमावता, सासू प्रेमळ, आणि घर इतकं लांब की माहेरी येणं जमतच नाही. हा संसार शिंपीणबाईंनी जिन्यात आणि गच्चीवर, कपडे वाळत घालता घालता उभा केला होता. खरं म्हणजे पोरगी वर्षापूर्वी "लग्न नको, नोकरी करते" म्हणत भांडून निघून गेली होती. बापाने तिला शोधण्याऐवजी तिचं लग्न लावून टाकलं. तोंडी. खर्च शून्य, अब्रू शाबूत.

त्या सकाळी शेजारीण माप द्यायला आली होती, तेवढ्यात साध्या कपड्यांतली तपास अधिकारी दुकानात शिरली. तिने एका हिरव्या कुर्त्याचा फोटो मशीनवर ठेवला. कुर्त्याला आतून खिसा होता.

"काका, जुन्या खाणीत ज्या मुलींची प्रेतं सापडली, त्यांतल्या एकीच्या अंगावरचा हा कुर्ता. माणूस पकडलाय. हिची कारखान्यातली मैत्रीण म्हणते, वडील याच गल्लीत शिंपी आहेत. पण ओळख पटवायला रक्ताचं माणूस लागतं."

शिंप्याने फोटो पालथा घातला. "ही माझी शिलाई नाही. आमची मुलगी सासरी सुखात आहे."

"सगळ्याच सुखात आहेत!" अधिकारी वैतागून स्टुलावर बसली. "हे माझं तिसरं घर. त्या माणसाने फार अक्कल लढवलेली नाही, काका. घर सोडलेल्या मुली तेवढ्या निवडल्या. त्यांच्यासाठी चौकीची पायरी कोणी चढणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तुम्ही नाही म्हणालात, की हिच्या खुनातून तो सुटला."

"धाकटीचं जमत आलंय हो," शिंपी कुजबुजला. "थोरलीचं कळलं तर तिला कोण करून घेईल?"

पडद्याआडून शिंपीणबाई आल्या. त्यांनी फोटो सुलटा केला आणि खिशावर बोट ठेवलं.

"पोरीच्या जातीला खिसा कशाला, म्हणून तुम्हीच ओरडला होतात ना? आणि मग गुपचूप लावूनही दिलात."

"अगं, गप्प बस."

"वर्षभर गप्प कुठे होते? बोलतच तर होते."

शेजारणीला राहवेना. "पण वहिनी, परवाच म्हणालात, तिला दिवस गेलेत!"

"म्हणाले. जावयाला बढतीसुद्धा मीच दिली. मी इथे बोलत बसले, आणि ती तिकडे..."

 मग त्यांनी मुलीचं नाव सांगितलं, समोरच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. शिंपी हातातली टेप गुंडाळत होता, सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता.

अधिकारीबाईने नाव लिहून घेतलं आणि पिशवीतून दुसरा फोटो काढला. "मागच्या गल्लीत जायचंय. तेही नाहीच म्हणणार."

शिंपीणबाईंनी पायांत चपला सरकवल्या.

"मी येते. तिथे तुम्ही काही बोलू नका. त्या घरची बाई मुलगी किती सुखात आहे ते सांगायला लागली, की मी एवढंच विचारीन, 'जावयाचं नाव काय ठेवलंत?'"