‘ई’चे पाय कुठे

सी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम कुठल्याही संगणकावर चालतो, असं जावई एकदा सासुरवाडीला जेवताना बोलून गेला आणि पुढचे सगळे रविवार त्या एका वाक्यापायी गेले.

मेहुण्याचं चष्म्याचं दुकान होतं. त्याच्यासाठी जावयाने हौसेने नजर तपासायचा प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर इंग्रजी ‘ई’ उमटायचा. त्याचे तीन पाय कधी उजवीकडे, कधी डावीकडे, कधी वर, कधी खाली. गिऱ्हाइकाने त्या दिशेचा बाण दाबायचा. अक्षर लहान लहान होत जायचं आणि शेवटी निकाल. जावयाच्या घरी सगळं लोण्यासारखं चाललं. दुकानातल्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम मात्र दुसऱ्या घराण्यातली. सी दोघींनाही येत होती. पण खिडकी कशी उघडायची, रेघ कशी ओढायची, हे सी सांगतच नाही. ते ज्या त्या सिस्टीमने आपल्या मर्जीने ठरवलेलं. आधी खिडकीच उघडेना. मग उघडली ती काळीठिक्कर. मग लाल अक्षरं निळी उमटली, आणि का, हे शोधण्यात आणखी एक रविवार बुडाला.

“भाऊजी, सी कुठेही चालते म्हणाला होतात ना?” मेहुण्याने चहा पुढे करत विचारलं.

“चालते. चित्रं काढत नाही.”

“मग आपण चित्रांचं काम तिला का दिलं?”

अखेर एकदाचा उजवीकडे पाय पसरलेला, लालभडक ‘ई’ उमटला. “चालतंय!” असं ओरडून, संगणकाचा विचार बदलायच्या आत जावई घरी पळाला.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून मेहुण्याने घरचंच माणूस बसवलं. सासऱ्यांना गाडीच्या लायसन्ससाठी नजरेचा दाखला हवाच होता. निकाल आला: नापास.

जावई भेटायला गेला तेव्हा सासरे सोफ्यावर बसले होते. गाडीची किल्ली समोर टीपॉयवर पडली होती आणि ते तिच्याकडे बघायचं टाळत होते.

“डावं-उजवं सगळं बरोबर आलं,” ते म्हणाले. “वर-खाली तेवढं सगळं चुकलं. असा कुठला रोग असतो हो?”

असा रोग असतो, आणि तो जावयानेच लावला होता. त्याच्या घरची सिस्टीम पडदा वरून खाली मोजायची, दुकानातली खालून वर. म्हणजे तिथे प्रत्येक अक्षर डोक्यावर उभं होतं. उजवीकडे पाय केलेला ‘ई’ उलटा केला तरी तसाच दिसतो, आणि नेमका तेवढाच बघून तो पळाला होता.

तो उठला तशा सासूबाई त्याच्यामागे दारापर्यंत आल्या.

“तुमच्या तोंडावरून कळलं मला. काही दुरुस्त करू नका.”

“आई, चूक माझ्या प्रोग्रॅमची आहे. बाबांची नजर चांगली आहे.”

“नजरेचं कोण बोलतंय? ते गाडी डोळ्यांनी चालवतच नाहीत, तोंडाने चालवतात. शेजारच्याला काही सांगायचं म्हटलं की अख्खे वळतात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमच्या कॉम्प्युटरने या घराचं भलं केलंय. राहू द्या तसंच.”

जावई क्षणभर डळमळला. मग त्याने दिवाणखान्यात पाहिलं. सासरे एक डोळा मिटून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मग मान उलटी करून पुन्हा बघत होते, आणि वर कुठलं, खाली कुठलं, हे स्वतःशीच पुटपुटत होते.

तो तडक दुकानात गेला. सगळी दुरुस्ती म्हणजे पडद्याच्या उंचीतून एक वजाबाकी, पण ती नेमकी कुठे करायची हे शोधताना त्याने दोन्ही सिस्टीमच्या सात पिढ्या उद्धरल्या. या वेळी त्याने चारही दिशा तपासल्या आणि मेहुण्याकडूनही तपासून घेतल्या.

सासरे सासूबाईंना घेऊन दुकानात आले, पुन्हा बसले आणि सगळ्यात लहान अक्षरापर्यंत फाडफाड पास झाले. दाखल्याची घडी खिशात ठेवून त्यांनी किल्ली वाजवली.

“चला जावईबापू, घरी सोडतो तुम्हाला.”

“मी दुकानात थांबते, तुम्ही व्हा पुढे,” सासूबाई म्हणाल्या. जावयाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

गाडी कोपऱ्यावर वळली आणि सासरे अख्खे त्याच्याकडे वळले. “आता नीट समजावून सांगा, चूक नेमकी कुठे होती?”

“बाबा, समोर बघा! समोर!”

“दिसतंय हो समोरचं,” सासरे खिशावर थाप मारत म्हणाले. “तुमच्याच मशीनचा दाखला आहे!”