ताईचं काय, तिचा प्रश्न येईलच

सभागृहाच्या भिंतीवर पाइनच्या जंगलाबद्दलचे प्रश्न मोठ्या कागदांवर लिहून चिकटवले होते, आणि धाकटीचा पाय सकाळपासून एका जागी ठरत नव्हता. भिंतीशी जायचं, आपल्या कागदावर किती टिकल्या पडल्या ते बघायचं, काही न बघितल्यासारखं करून खिडकीशी यायचं, की परत भिंत. चहावाल्यानं शेवटी विचारलंच, बाई, काही हरवलंय का?

हरवलं नव्हतं, हरवायची भीती होती. उजाड झालेलं जंगल पुन्हा उभं करायचं तर आधी कशाकशाचा अभ्यास करायचा, हे आज ठरणार होतं. प्रश्न ढीगभर, निवडले जाणार फक्त सात. त्या सातांवर पुढची दहा वर्षं काम, बाकीचे गुंडाळून कपाटात. प्रत्येक संशोधकाला तीन लाल टिकल्या मिळाल्या होत्या. पटेल त्या प्रश्नावर लावा, फक्त स्वतःचा सोडून. आपलं घोडं आपणच दामटू नये म्हणून हा नियम. पण माणसं कसली वस्ताद! एकमेकांची घोडी दामटायला लागली.

धाकटीचा प्रश्न आगीचा. जंगलात मुद्दाम, ताब्यात ठेवून आग लावली तर नवी रोपं जोम धरतात का? ती ज्या वनसंशोधन संस्थेत होती, तिथंच तिची थोरली बहीणही होती, सगळ्यांचीच ताई. ताईचा प्रश्न साधा होता. जुनी झाडं मरत चाललीत, तर चांगलं बी आणायचं कुठून? ताई पुढच्या वर्षी निवृत्त होणार. प्रश्न निवडला गेला तर तिच्यामागं कोणीतरी तो चालवणार, नाहीतर झाडाझाडावर चढून तिनं जमवलेलं सगळं तिच्याबरोबरच घरी जाणार. "निरोपसमारंभ नको मला," ती कालच म्हणाली होती. "काम तेवढं कोणीतरी पुढं न्या."

धाकटीच्या दोन टिकल्या लावून झाल्या होत्या. तिसरी तिनं ताईसाठी बोटाला चिकटवून ठेवली होती. तेवढ्यात किडेमास्तर आला. खोड पोखरणाऱ्या किड्यांपायी या माणसानं अख्खा जन्म घातलेला.

"तुमची आग काठावर आहे," तो हळूच म्हणाला. "माझा किडाही. तुम्ही माझ्यावर लावा, मी तुमच्यावर लावतो."

"ही ताईची आहे."

"ताईंना काय धाड भरलीय? बियांशिवाय जंगल असतं का? त्यांचा प्रश्न येईलच. टिकली वाया कशाला घालवता?"

खरंच होतं की. घरातही लहानपणापासून हेच चालत आलं होतं. ताईचं काय, ती घेईल सांभाळून. सकाळपासून घातलेल्या एवढ्या फेऱ्यांत धाकटीनं ताईचा कागद एकदाही धड पाहिला नव्हता. आत्ताही पाहिला नाही. टिकली किड्यावर गेली.

मोजणी झाली. अध्यक्ष, पांढऱ्या मिशांचे एक निवृत्त वनाधिकारी, निवडलेले प्रश्न वाचू लागले. पाणी आलं, माती आली, किडा आला, आग आली. सातही वाचून झाले. बी आलं नाही. एका टिकलीनं हुकलं.

सभागृहात चुळबुळ सुरू झाली. जो तो दुसऱ्याकडे बघतोय. अहो, मला वाटलं तुम्ही लावली असेल. मला वाटलं सगळेच लावतील. एवढी शिकलेली माणसं जंगल उभं करायला निघाली आणि बियाणंच विसरली. काखेत कळसा न् गावाला वळसा, दुसरं काय?

पुढच्या रांगेत ताई चष्मा पुसत होती, पुसतच होती.

धाकटी ताडकन उठली. "माझा प्रश्न मी मागं घेते. त्या जागी ताईचा घ्या." केलेलं निस्तरायची इतकी घाई झाली होती की तिचा आवाज चिरकला. दोनचार टाळ्याही पडल्या.

"दोघींची तयारी असेल तर माझी हरकत नाही," अध्यक्ष म्हणाले.

"माझी तयारी नाही," ताई बसल्या जागेवरून म्हणाली. "झाडांखाली वाळक्या पानांचा हा एवढा थर साचलाय. आगीनं तो हटला नाही तर माझं बी मातीला टेकणारच नाही. म्हणून तर माझी पहिली टिकली मी तिच्या आगीवर लावली. तिचा प्रश्न राहू द्या."

अध्यक्षांनी मान हलवली आणि सभा संपल्याचं सांगितलं. खुर्च्या सरकल्या, लोक उठले. धाकटी ताईच्या शेजारी जाऊन बसली.

"ताई, माझ्याकडे एक टिकली होती. तुझीच होती. मी ती..."

"दिसलं मला. मी मागंच उभी होते."

"मला वाटलं, तुझं होईलच."

"सगळ्यांना तसंच वाटतं," ताई म्हणाली. "आणि आत्ता चारचौघांत मला दान दिलंस, ते तरी विचारून द्यायचंस."

काहीतरी करायचं म्हणून धाकटीनं ताईची पिशवी उचलली, तशी ताईनं ती तिच्या हातातून काढून घेतली आणि दाराकडे चालू लागली.