पिशवीची खोली
दवाखान्यातून घरी आले, तर माझ्या खोलीत शिवणाची मशीन नव्हती. भिंती पांढऱ्याफटक, कोपऱ्यात नवं बेसिन, पलंगाशेजारी औषधी पाण्याची पिशवी टांगायला हुक. कापडाची एक चिंधी दिसेल तर शपथ.

"मशीन कुठंय?"

"ताईकडे पाठवली," नवरा कौतुकाने म्हणाला. "नर्सबाईंनी बजावलंय, पिशवी बदलताना धूळ नको, धागे नकोत. पोटात जंतू गेला तर जिवावर बेततं. आता तू फक्त आराम करायचा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दोन्ही किडन्यांनी हात टेकले, तेव्हा डॉक्टरांनी वाटा सांगितल्या. कुणाची किडनी जुळली तर उत्तमच, पण घरातल्या कुणाचीच जुळली नाही. तोवर एक तर दिवसाआड दवाखान्यात जाऊन रक्त धुऊन घ्यायचं, नाहीतर पोटात नळी बसवून घरीच पिशवीतलं पाणी भरायचं नि काढायचं. मी नळी घेतली. कशासाठी? घरी बसून शिवता यावं म्हणून! ज्या मशीनसाठी मी पोटाला भोक पाडून घेतलं, तीच या बाबाने उचलून बहिणीला दिली.

"आणि वकीलबाईंचा कोट? बाह्या लावायच्या राहिल्यात त्याच्या."

"परत दिला. सगळ्यांचीच कापडं परत केली. सांगून टाकलं, ती आता शिवणार नाही."

"कुणाला विचारून?"

"अगं, त्यात विचारायचं काय? तुझ्या भल्यासाठीच..."

"अहो, किडनी गेलीय माझी, डोकं नाही!"

त्याचं तोंड एवढंसं झालं. रंग देऊन देऊन बोटं सोलली होती त्याची. दिसत होतं ना मला. पण त्याने राग उतरायच्या ऐवजी आणखीच चढला. असल्या माणसाला धड शिव्याही घालता येत नाहीत.

"तुला काही झालं तर मी काय करू?" तो एकदम ओरडला. आवाज फाटला त्याचा.

"आणि काहीच झालं नाही, या पांढऱ्या खोलीत नुसती बसून राहिले, तर मी काय करू?"

तो उठला आणि बहिणीकडे गेला. नणंदबाईंनी तोवर मशीनवर टीव्ही मांडला होता म्हणे. संध्याकाळी मशीन आली, बाहेरच्या खोलीत सोफ्याच्या जागी बसली. आतली खोली पिशवीची, दार बंद. सोफा गेला म्हणून नवरा हळहळला. हळहळू दे.

पण गिऱ्हाइकं कोण आणणार? दुसऱ्या दिवशी त्याला पुढे घातलं.

"जिथे जिथे 'नाही' सांगून आलात, तिथे तिथे जाऊन 'हो' सांगायचं."

"लाज वाटते गं."

"वाटू दे. लाजेने आजवर कुणी मेलं नाही."

पहिलं दार वकीलबाईंचं. त्यांनी माझे सुजलेले डोळे पाहिले, पाय पाहिले. मग मी तिथे नाहीच अशा थाटात, आवाज खाली आणून नवऱ्याला विचारलं, "झेपेल का हो यांना आता?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, चांगलं झणझणीत. पण त्याआधी नवराच बोलला. कान लाल झाले होते त्याचे.

"ती समोर उभी आहे," तो म्हणाला. "तिलाच विचारा."