दगड सुटेपर्यंत बोट नाही

साप उतरवणाऱ्या डॉन सेगुंदोच्या अंगणात अख्खा गाव लोटला होता. बायका चुलीवरची केळी तशीच टाकून आल्या होत्या. मधोमध चटईवर येसेनिया पडली होती. कोकोच्या बागेत तिच्या घोट्याला अंगावर फुल्या असलेला जहरी साप डसला होता, आणि आता त्या घोट्यावर एक काळा दगड घट्ट चिकटून बसला होता. कुणी धरलेला नाही, बांधलेला नाही!

"पी, काळे माते, पी!" सेगुंदो डोळे फिरवत त्या दगडाला उद्देशून ओरडत होता. "ढेकर येईपर्यंत पी!"

डालीला वाढती सूज बघत शेजारी बसली होती. ती शहरात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. साप चावलेली माणसं दवाखान्यात उशिरा का पोचतात, हा तिचा प्रकल्प. नदी लांबलचक आणि बोटी कमी, हेच कारण निघेल, असं सरांनी तिला आधीच सांगून टाकलं होतं. इथे तर बोट धक्क्याला तयार होती, आणि तिची मावसबहीण चटईवर सुजत चालली होती.

"मावशी, सूज गुडघ्यापर्यंत आली. हिरड्यांतून रक्त येतंय. चल ना!"

"दगड सुटेपर्यंत नदीवर जायचं नाही गं," एउलालिया मावशी रडकुंडीला आली. "पाण्यावर गेलं की विष जागं होतं. तू चार बुकं शिकलीस म्हणून आम्ही सगळे वेडे का?"

तेवढ्यात दगड गळून पडला. सेगुंदोनं तो कोमट दुधाच्या पेल्यात टाकला. दूध फाटलं. लोकांनी छातीवर क्रूस काढले.

"बघा विष! अजून दोन दगड लावू, मग पोरगी नाचेल."

त्यानं दुसरा दगड डब्यातून काढला, तसा डालीलानं तो हिसकावला. त्यावर बारीक बारीक भोकं होती. कॉलेजात तिनं हाडं हाताळली होती. तिनं सरळ जीभ बाहेर काढून दगड तिच्यावर टेकवला. तो चिकटून लोंबायला लागला. कुणीतरी फिसकन हसलं.

तिनं तो ओढून काढला. "मला कुठला साप चावला, सेगुंदो काका? आणि हा आंबट का लागतोय?"

"तुझ्या जिभेतच विष आहे, बये!" एक म्हातारी म्हणाली.

"मग बघूच." तिनं डब्यातला, कुणालाच न लावलेला तिसरा दगड काढून दुसऱ्या पेल्यातल्या कोमट दुधात टाकला. तेही फाटलं.

"हे भाजलेलं हाड आहे. ओलं दिसलं की चिकटतं, भिजलं की गळतं. लिंबाच्या रसात मुरवून वाळवलंय, म्हणून दूध फाटतं. विष येसेनियाच्या अंगातच आहे!"

"मग माझा भाऊ कसा वाचला?" बोटवाला आयोवी म्हणाला.

"त्याला कुठला साप चावला होता?"

"वेलीवरचा, हिरवा."

"त्याच्या विषानं माणूस मरत नाही. आणि काका, जे मेले त्यांचं काय?"

"ते उशिरा आले होते," सेगुंदो पुटपुटला.

"त्यांना उशीर झाला तो इथं, या चटईवर!"

मावशीनं चटईकडे पाहिलं. साप चावलेला तिचा नवरा याच चटईवर गेला होता. गाव वाट अडवून उभाच होता. ती उठली, तिनं येसेनियाच्या काखेत हात घातले आणि ओरडली, "सरका! आयोवी, इंजिन सुरू कर!"

नदीभर डालीलानं तो पाय हलू दिला नाही. मावशी सारखी मुलीचा श्वास बघत होती. विष जागं झालं का, म्हणून तिनं दोनदा विचारलं. ते झोपलं कधी होतं, एवढंच डालीला म्हणाली.

दवाखान्यात विषावरचं औषध मिळालं. येसेनिया वाचली, पण पोटरीचं मांस गेलं. इतका वेळ गेला नसता तर तेही वाचलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पुढे कुणाला साप चावल्याची हाक आली की मावशीच आधी धक्क्यावर पळायची. "देवाचं नाव बोटीतही घेता येतं," ती लोकांवर खेकसायची. "आधी बसा बोटीत!"