बुबुळाचं माप

"आजी, खरं सांगा, सकाळी थेंब घातलेत काय?"

डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीच्या मशीनपुढं बसलेल्या प्रीतीनं दुसऱ्यांदा विचारलं.

"न्हाय म्हटलं न्हवं एकदा? ह्या वयात खोटं बोलून मला काय बक्षीस मिळणार हाय?"

"तसं न्हवं ओ. थेंबाचा थर बुबुळावर बसला की माप फिरतंय. मोतीबिंदूचं भिंग त्या मापावरच ठरतंय. चुकलं, तर जन्मभर धुरकटच दिसंल."

माझी सून संयोगिता मागं उभी होती. थेंबांची नवी बाटली तिच्या पर्समध्ये होती, सीलसुद्धा तोडलेलं नव्हतं.

माझे डोळे कोरडे पडतात म्हणून डॉक्टरनं ते थेंब दिलेले. आठ महिन्यांपूर्वी विजयसिंह गेला. फौंड्रीतून गडमुडशिंगीला, घरी येताना माझ्या पोराला ट्रकनं उडवलं. मयत दारात आलं, तरी माझा डोळा ओला झाला नाही. बायका कुजबुजायला लागल्या. दहाव्याला संयोगितानं मला आत नेलं. तिच्या स्वतःच्या डोळ्यांना धार लागलेली, अन् माझ्या डोळ्यांत तिनं दोन-दोन थेंब सोडले. "लोकं वंगाळ बोलत्यात, आत्ती." बाहेर आले तर शेजारची अंबूबाई गळ्यात पडली, "रडली गं बाई एकदाची!" मी तिचा समज तसाच राहू दिला. आयुष्यातलं तेवढंच एक खोटं.

"हनुवटी टेका," प्रीती म्हणाली. "आत चित्रात रस्ता दिसतोय, टोकाला घर. घराकडं बघत ऱ्हावा."

मी बघितलं. धुरकट, पण सरळ रस्ता. फौंड्री सुटायच्या वेळेला मी दारात बसून असाच रस्ता बघायचे. वळणावर आला की तो दोनदा हॉर्न वाजवायचा. भाकरी तव्यावर टाकायची ती त्यानंतर.

ह्या रस्त्यावर कुणीच नव्हतं. मी बघत राहिले. कुणीच येईना.

"आजी, हलू नका... हे काय? माप घेतच न्हाय मशीन. डोळा काठोकाठ भरलाय. थेंब घातलेत की तुम्ही!"

मी पदर डोळ्याला लावला नाही.

"व्हय," मी म्हणाले. "घातलेत."

"मग मघाशी न्हाय का म्हणाला? आता उद्या यावं लागंल."

संयोगिता पुढं आली. पर्स तिनं पोटाशी घट्ट धरली होती.

"त्यांना बोलू नका, ताई," ती म्हणाली. "मीच घातलं. चुकलं माझं."

अन् मला उठायला तिनं हात दिला.